रिलीव्हर येईपर्यंत फुगा सोडू नये

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये, सडक बारावर राहणाऱ्या विजयकुमार कापगते या कारकुनाच्या मुलीचा सहावा वाढदिवस येत्या रविवारी होता. बाब तशी किरकोळ होती. सेक्टरमध्ये रोज कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असायचाच, आणि त्यासाठी आजवर कोणाही जबाबदार व्यक्तीला बैठक बोलवावी लागली नव्हती. परंतु सदर मुलीने, म्हणजे जयाने, वरणभाताचा घास तोंडात असताना एक मागणी मांडली आणि तिथून पुढे परिस्थिती कोणाच्याच हातात राहिली नाही.

"आई, मले चमकीवाला फुगा होना. सोनेरी."

"तोंडातलं गिळ आधी," आई म्हणाली.

जयाने गिळले. मागणी कायम राहिली.

मागणीला पार्श्वभूमी होती. काही दिवसांपूर्वी बंगल्यात, म्हणजे पोलाद कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी रत्नमालाबाई देशकर यांच्याकडे, त्यांच्या मुलीचा वाढदिवस झाला. मुंबईहून आणलेले झगमगते फुगे छताला टांगले होते. सडक बारावरच्या मुलांना आमंत्रण होते. हात लावण्याचे नव्हते. जया सारा वेळ मान वर करून उभी राहिली. केक कसा होता, हे तिला घरी येऊन सांगता आले नाही. मान मात्र दुखत होती, हे सांगता आले.

जयाची आई कलावती साकोलीकडची. तिकडे गिरणी आली तशी जात्यावरच्या ओव्यांची कामे गेली. त्या बिचाऱ्या बेकार हिंडत हिंडत कलावतीच्या ओठांवर आल्या आणि मिळेल त्या कामावर रुजू झाल्या. ती भांडी घासताना ओवी म्हणे, स्कूटरला किक मारणाऱ्या नवऱ्याकडे पाहताना ओवी म्हणे. दुसऱ्या दिवशी कॅम्प-१ च्या, म्हणजे टाउनशिपबाहेरच्या वस्तीच्या, बाजारातून तिने साधे फुगे आणि चमकीच्या पुड्या आणल्या. कणकेची लई, म्हणजे चिकटवायची खळ, शिजवली. एक फुगा फुगवून गाठ मारली, त्याला बोटांनी लई फासली आणि परातीत पसरलेल्या सोनेरी चमकीवरून त्याला हलक्या हाताने लोळवले, पुरणाच्या गोळ्याला पीठ लावावे तसे. लोळवता लोळवता ओवी आपसूक कामाला लागली:

*फुगा फुगवते बाई, वारा भरते पोटात,*
*माझ्या जयाच्या जन्माचं सोनं चिकटे बोटात.*

फुगा अंगणातल्या पेरूच्या झाडाला टांगला. दुपारचे ऊन त्याच्यावर पडले आणि क्वार्टरच्या पिवळ्या भिंतीवर उजेडाचे दाणे नाचायला लागले. जया त्या दाण्यांच्या मागे भिंतीला नाक घासेपर्यंत धावली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. परंतु शेजारच्या क्वार्टरमध्ये भैय्याजी हटवार राहत होते.

भैय्याजी कारखान्यात फोरमन होते आणि घरी आल्यावरही फोरमनच राहत. सडक बारा रहिवासी कल्याण समितीचे ते सचिव. आमच्या राज्याची तेव्हाची राजधानी भोपाळ इतकी लांब होती की तिथून नियम निघून भिलाईला पोहोचेपर्यंत तो शिळा होई. म्हणून भैय्याजींनी सडक बारापुरते ताजे नियम घरीच करण्याची प्रथा पाडली होती. कुंपणावरून त्यांनी फुगा पाहिला आणि ते डोक्याला हेल्मेट लावून आले.

"काय वो वहिनी, हे काय करून राहिल्या?"

"फुगा करून राहिली भाऊजी. जयाच्या वाढदिवसाचा."

"फुगा तर दिसूनच राहिला. याच्यात प्रेशर किती हाय?"

"प्रेशर?"

"भरला कोनं?"

"मीच. तोंडानं."

"तोंडानं!" भैय्याजींनी पेरूच्या झाडाचा आधार घेतला. "गेज नाही, व्हॉल्व नाही, सरळ तोंडानं! अन् खाली पोरगी खेळून राहिली!"

धोका किती आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी फुग्यावर अनुभवी बोट ठेवले आणि दाबले. फुगा फुटला. चमकी भैय्याजींच्या भरघोस मिशीत जाऊन बसली. जया आधी रडली. मग मिशीकडे पाहून इतकी हसली की तिला उचकी लागली.

"पाहा," भैय्याजी सोनेरी मिशीतून गंभीरपणे म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

मिशीतली चमकी धुऊनही निघाली नाही. ते तसेच ड्यूटीवर गेले. तिथे सहकाऱ्यांनी काय विचारले ते समजले नाही, परंतु परत आल्यावर त्यांनी तातडीची बैठक बोलावली. बैठकीत पुढील निष्कर्ष निघाला: अपघात झाला आहे, अपघात झाला त्याअर्थी फुगा धोकादायक आहे, धोकादायक वस्तू एकट्या बाईने स्वयंपाकघरात बनवणे योग्य नाही, सबब ती सगळ्यांनी मिळून अंगणात बनवावी.

"पण भाऊजी, मले तर पाच-सातच फुगे करायचे हायेत," कलावती म्हणाली.

"वहिनी, आता हे तुमचं एकटीचं काम नाही राहिलं. आता हे सडकेचं काम हाय. तुमी टेन्शन नका घेऊ."

कलावतीला टेन्शन कधीच नव्हते. ते त्या क्षणी आले.

सडकेचे काम म्हटल्यावर अध्यक्ष लागतो. रत्नमालाबाई बारा ठिकाणी अध्यक्ष होत्या, तेरावे पद त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारले. त्या गाडीतून उतरल्या, परातीतली चमकी चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "कलावतीताई, किती गोड! पण सगळ्यांना सोनेरी कशी देणार?"

"सगळे कोण, बाई? पोरीचाच हाय वाढदिवस."

"अहो, सडकेचा उपक्रम आहे ना आता. सडकेवर वेगवेगळ्या ग्रेडची माणसं. उद्या कोणी म्हणेल, अमक्याला सोनेरी, आम्हाला का नाही? उगाच मनं दुखावतात. आधीच ठरवलेलं बरं."

मने दुखावू नयेत म्हणून ठरवले गेले. आमच्या टाउनशिपमध्ये माणूस कोणत्या क्वार्टरमध्ये राहतो यावरून त्याच्या घरी चहाबरोबर बिस्किट येईल की नाही, तेही सांगता येते. त्यामुळे ठरवायला वेळ लागला नाही. अधिकाऱ्यांच्या मुलांना सोनेरी चमकी. कारकुनांच्या मुलांना चंदेरी. कामगारांच्या मुलांना लाल. आणि कॅम्पातून येणाऱ्या पाहुण्यांना फुगा साधा, पण मोठा.

"मंग जयाले?" कलावतीने विचारले.

"चंदेरी," भैय्याजी म्हणाले. "कारकून ग्रेड."

"पण वाढदिवस तिचा हाय नं?"

"वहिनी, वाढदिवस तिचा हाय, ग्रेड विजयभाऊची हाय."

विजयकुमार कोपऱ्यात उभा होता. त्याने घसा खाकरला. सगळे त्याच्याकडे वळले. त्याने पुन्हा घसा खाकरला आणि सांगितले की आजकाल हवा फार कोरडी आहे.

जया आईचा पदर ओढत होती. "आई, चंदेरी नाही वो. मेरे को सोनेरीवालाच होना. भिंतीवर नाचते तो."

"थांब बाई," कलावती म्हणाली. "काही तरी करते मी."

रविवार उजाडला. कापगत्यांच्या अंगणात लोखंडी खाटा, टेबले, परातीच पराती. लई एका घमेल्यात शिजत होती आणि ती ढवळणाऱ्याला गॉगल लावणे सक्तीचे होते. भैय्याजींनी काम विभागून दिले होते. फुंकणाऱ्यांचा विभाग वेगळा, गाठ मारणाऱ्यांचा वेगळा, लई फासणाऱ्यांचा वेगळा, चमकीवर लोळवणाऱ्यांचा वेगळा. फुंकणाऱ्याने गाठ मारू नये. गाठवाल्याने फुंकू नये. पाळ्या लावल्या होत्या, आणि खाटेच्या पायाला भैय्याजींचा मुख्य नियम पुठ्ठ्यावर लिहून बांधला होता: रिलीव्हर येईपर्यंत फुगा सोडू नये.

या नियमाला हसणाऱ्यांनी आमचे गाव पाहिलेले नाही. भट्टीवरचा माणूस रिलीव्हर, म्हणजे बदली, आल्याशिवाय जागा सोडत नाही. भट्टी विझता कामा नये, हे इथल्या मुलांना बाराखडीच्या आधी कळते. बदली माणूस यायचा, काम नजरेखालून घालायचा, "चार्ज घेतला" म्हणायचा, मग आधीच्याने जायचे. बदलीवाला आजारी पडला तरी त्याच्या जागी उभे राहायचे, त्याच्या घरी लग्न असले तरी राहायचे. हा चांगला नियम आहे. फक्त तो याआधी फुग्याला कोणी लावला नव्हता.

पहिला फटका हिरालालला बसला. हिरालाल भट्टीवरचा कामगार, छाती हार्मोनियमसारखी, एका दमात फुगा भरणारा एकमेव माणूस. त्याची पाळी संपली तेव्हा त्याच्या हातात अर्धा भरलेला फुगा होता, आणि त्याचा रिलीव्हर विजयकुमार आणखी चमकी आणायला कॅम्प-१ ला गेलेला.

"भैय्याजी, मी गाठ मारून देतो नं," हिरालाल चिमटीत फुग्याचे तोंड धरून म्हणाला.

"गाठ तुह्या विभागात येते काय?"

"नाही येत."

"मंग?"

हिरालाल घरी गेला. फुग्याचे तोंड चिमटीत धरूनच त्याने एका हाताने जेवण केले. बायकोने पाणी ओतले तेव्हा फुग्याचा हात बाहेर काढून आंघोळ केली. मेव्हणा भेटायला आला होता, त्याला डाव्या हाताने नमस्कार केला. वाटेत दोघांनी विचारले, काय हो, हे काय? हिरालालने उत्तर दिले, "ड्यूटी." दोघांनीही समजल्यासारखी मान हलवली आणि सायकली पुढे नेल्या.

तयार झालेले फुगे तपासणीला जाऊ लागले. तपासणी भैय्याजींकडेच होती. पद्धत शास्त्रीय होती: प्रत्येक फुगा ठरलेल्या दाबाने दाबायचा. फुटला, तर तो पूर्ण भरलेला होता हे सिद्ध होई आणि त्याला उत्तीर्ण ठरवले जाई. फुटला नाही, तर तो नीट भरला गेला नव्हता, म्हणून नापास करून हवा सोडून परत पाठवण्यात येई. दुपारपर्यंत उत्तीर्ण फुग्यांचे प्रमाण अत्यंत समाधानकारक होते. टांगायला एकही नव्हता.

"भाऊजी," कलावतीने हात जोडले, "एक तर सोडा. पोरगी सकाळपासून पाहून राहिली."

"वहिनी, तपासल्याशिवाय टांगला अन् फुटला तर?"

"तपासताना पन फुटूनच राहिला नं!"

"तो तपासणीत फुटला, त्यात अन् तसा फुटण्यात फरक हाय."

कलावतीला फरक कळला नाही. तिने परातीतून मूठभर सोनेरी चमकी उचलली. पण सोनेरी परातीजवळ बंगल्याचा माळी पहाऱ्यावर बसवला होता. त्याने खेदाने तिच्या मुठीकडे पाहिले. कलावतीने मूठ उघडली. चमकी पडली, तळहाताला मात्र चिकटून राहिली, आणि तेवढी परत मागण्याचा नियम भैय्याजींना अद्याप सुचला नव्हता.

पार्टीची वेळ संध्याकाळी कारखान्याचा भोंगा होईल ती. अध्यक्षबाई तेव्हा येणार होत्या. घटिका भरत आली आणि अंगणात केळीचे खांब, चिवड्याच्या ताटल्या, क्रीमचे गुलाब असलेला केक, वीस मुले, आणि फुगा शून्य. जया नव्या फ्रॉकमध्ये पेरूच्या झाडाखाली उभी होती, मान वर, फांदीकडे. फांदीला काही नव्हते.

भैय्याजींनी आणीबाणी जाहीर केली. तपासणी स्थगित. सडक बारावरील सर्व प्रौढ फुंकण्याच्या कामावर. दोन रांगा समोरासमोर: एका रांगेत फुंकणारे, दुसऱ्या रांगेत त्यांचे रिलीव्हर. वेळ वाचवण्यासाठी एक असाधारण सवलतही देण्यात आली. फुगे भरता भरताच लई फासायची आणि चमकी लावायची: सोनेरी, चंदेरी, लाल, हाती येईल ती, ग्रेडप्रमाणे वर्गीकरण नंतर.

मग सडक बारा फुगायला लागली. गाल फुगले, डोळे फुगले, कारकुनांच्या माना फुगल्या. हिरालालने चार्ज दिलेला अर्धा फुगा आता विजयकुमारच्या तोंडात होता आणि विजयकुमार आयुष्यात पहिल्यांदाच इतका मोठा दिसत होता. फुगे भोपळ्याएवढे झाले, माठाएवढे झाले. ओली लई चकाकत होती, तिच्यावर चमकी थरथरत होती. उतरत्या उन्हात ते अंगण असे दिसत होते जणू कोणी आभाळाची एक बाजू खाली काढून ठेवली आहे. मुले ओरडत होती, "और! और!" गाडी फाटकाशी थांबली. रत्नमालाबाई उतरल्या.

आणि भोंगा झाला.

आमच्या गावात भोंगा कानाने ऐकत नाहीत, हाताने ऐकतात. भोंगा झाला की हातातले काम सुटते; वर्षानुवर्षांची सवय आहे. फुंकणाऱ्या रांगेने एकाच क्षणी हात सोडले. समोर रिलीव्हर उभे होतेच. पण रिलीव्हरने काम नजरेखालून घातल्याशिवाय चार्ज घ्यायचा नसतो, आणि सडक बाराचे रिलीव्हर शिस्तीचे होते. ते नीट पाहू लागले.

त्या एका क्षणी ते सगळे फुगे कोणाच्याच ताब्यात नव्हते. कोणाच्या ग्रेडचे नव्हते, कोणाच्या विभागाचे नव्हते. त्यांनी ते ओळखले असावे.

फुर्रर्र करून ते उधळले. एक केळीच्या खांबाला गिरक्या घेत वर गेला, एक भैय्याजींच्या हेल्मेटवर आपटून उलटा फिरला, एक चिवड्यातून गेला, एक सरळ क्रीमच्या गुलाबात. जाताना प्रत्येकाने अंगावरचे सारे झटकून टाकले. सोनेरी, चंदेरी, लाल, सारी चमकी हवेत, मग खाली, सावकाश, उन्हातून चाळून पडल्यासारखी. माणसांच्या केसांत, स्कूटरच्या सीटवर, माळ्याच्या पागोट्यावर, अध्यक्षबाईंच्या रेशमी खांद्यावर. हिरालाल लाल-सोनेरी झाला, भैय्याजी सोनेरी-चंदेरी, विजयकुमार असा काही चकाकला की बायकोने त्याच्याकडे दोनदा पाहिले.

फक्त जया हसत होती. दोन्ही हात पसरून, मान वर करून, गोल गोल फिरत, उचकी लागेपर्यंत. "आई! फुगा आभाळात फुटला! पूरा का पूरा!"

बाकी कोणी हसले नाही. सगळ्यांनी रत्नमालाबाईंकडे पाहिले. बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर लाल चमकीचा एक ठिपका होता. त्या तो डोळे तिरळे करून पाहत होत्या. त्यांचा ओठ हलला. मग त्या हसल्या.

ताबडतोब भैय्याजी हसले. त्यांच्यानंतर कारकून हसले. कारकुनांचे हसणे स्थिरावल्यावर कामगार हसले. माळी सर्वांत शेवटी हसला, पण सर्वांत जास्त वेळ. पहाऱ्यावरच्या त्याच्या हातून तोवर काहीच, हसूसुद्धा, निसटले नव्हते. बघता बघता हसण्याचा असा गोंधळ उडाला की कोणाचे कुठले ते ओळखू येईना. हिरालालने केक कापला, चमकीसकट. बायकांनी फेर धरला, रत्नमालाबाईंना मध्ये ओढले, आणि कलावतीच्या ओव्यांना आयुष्यातले सर्वांत मोठे काम मिळाले:

*कोण बंगल्याची बाई, कोण भट्टीचा गडी,*
*एका पावसात न्हाली सडक बाराची घडी.*

सगळे मान्य करतात की असा वाढदिवस सेक्टरमध्ये पुन्हा झाला नाही. दुसऱ्या दिवशी समितीने ठराव करून तसा तो पुन्हा होणार नाही याची व्यवस्थाही केली.

पाहुणे गेले, दिवे लागले. कलावती ओसरीवर जयाच्या केसांत खोबरेल तेल घालून चमकी काढायला बसली. जया दमून आईच्या गुडघ्याला टेकली होती, गालांवर अजून हसणे होते.

"आई, माह्या केसात कोणती हाय?"

"सगळीच हाय. सोनेरीच जास्त," कलावती खुशीत म्हणाली. "पाह्य, किती सुंदर दिसून राहिली माझी बाई."

जयाचे हसणे थांबले. ती उठून बसली, हळूच एक केस पुढे ओढून उजेडात धरला, आणि फाटकाकडे पाहत आईच्या कानाशी आली.

"मंग सोनेरी सोनेरी काढून टाक नं आई, लवकर. ती आपल्याले लागू नाही."

कलावतीचा हात तेलात तसाच राहिला. तिने हातातली बट सोडली आणि जयाचे केस पुन्हा मोकळे केले. तिच्या तळहाताला चिकटलेली दुपारची सोनेरी चमकी आता त्या केसांतच उतरली. काही काढले नाही. पण त्या रात्री तिच्याजवळ एकही ओवी रुजू झाली नाही.

ही गोष्ट आम्ही सडक बाराचे लोक अजून सांगतो आणि पोट धरून हसतो. तुम्हीही हसला असाल, हसावे. फक्त एक विचारतो, उत्तर मनातच द्या. ते रंग वाटले जात होते ना, सोनेरी, चंदेरी, लाल, आणि कॅम्पवाल्यांना साधा पण मोठा, तेव्हा वाचता वाचता तुम्ही स्वतःला कोणता घेऊन ठेवला होता?

सोनेरीच ना?